कॅप्टन लुंडे एकदाच विचारतो

"तुम्हाला आत्ता न्यायला येऊ का?" वायरलेसमधून कॅप्टन लुंडेनं विचारलं. "पूर्वेकडून बर्फ सरकत येतोय. दुपारपर्यंत मला वाट मोकळी आहे. हवं तर आत्ता हेलिकॉप्टर पाठवतो. नाहीतर मी मोकळ्या समुद्रात निघून जातो आणि बर्फ फुटला की परत येतो. चार दिवस लागतील, कदाचित आठ. बोला."

मोघेसरांनी माइकचं बटण दाबलं आणि वर्गात शिकवतानाच्या त्यांच्या त्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "छे छे कॅप्टन, आमच्यासाठी उगाच धावपळ करू नका. आम्ही इथं अगदी मजेत आहोत."

"समजलं," कॅप्टन म्हणाला, आणि खरखर बंद झाली.

आम्ही तिघंही वायरलेसच्या त्या डब्याकडे बघत राहिलो. मी हातमोजे चढवून, पाठपिशवीचे पट्टे आवळून तयार बसले होते. रणजित शिरोळेनं शेगडी विझवून भांडीसुद्धा आवरून ठेवली होती.

"सर," रणजित म्हणाला, "त्यानं खरं धरलं की ओ!"

"अरे, पण असं कसं?" सर म्हणाले. "माणूस निदान परत एकदा विचारेल की नाही?"

आपल्याकडे पहिलं 'नको' हे नको नसतंच. पाहुणा नको म्हणतो, यजमान वाढतो. पाहुणा पानावर हात आडवा धरतो, यजमान हाताच्या कडेनं वाढतो, आणि शेवटी पाहुणा पोटभर जेवून उठतो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरट, पहिल्याच नकाराला थांबणारा कद्रू. हे आमच्या तिघांच्याही अंगात इतकं मुरलेलं होतं की सर 'छे छे' म्हणाले तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट पुढचं वाक्य मी मनातल्या मनात ऐकूनही टाकलं होतं: 'असं कसं प्रोफेसर, मी येतोच!' पण लुंडे नॉर्वेचा. त्याच्या देशात नको म्हणजे नको.

"परत लावा की त्याला," रणजित म्हणाला.

"लगेच? आत्ता नको म्हटलं आणि आत्ता हो? काय म्हणेल तो?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. आपण घरी तर जाऊ."

सरांनी थोडा वेळ बटणं फिरवली. मग म्हणाले, बॅटरी जपायला हवी, संध्याकाळी ठरलेल्या वेळी बोलूच. मी दार उघडून बाहेर गेले आणि दुर्बीण लावली. जहाजानं तोंड फिरवलेलं होतं. लाल रंगाची ती एकुलती एक गोष्ट करड्या समुद्रात लहान लहान होत गेली, आणि मला एकदम रडू आलं. आत येऊन मी ते वाऱ्यावर ढकललं.

याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. मी तेव्हा सर्वेक्षणाचं काम करायची. अंटार्क्टिकाला निघालेल्या मोहिमेच्या जहाजावर मला जागा मिळाली होती ती मोघेसरांमुळे. डॉक्टर यशवंत मोघे, पुण्याचे, भूगोलाचे. त्यांच्यासारखा शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रणजित कोल्हापूरचा गिर्यारोहक. आम्ही दोघं पुस्तकी माणसं कुठल्या कपारीत पडून मरू नये म्हणून त्याला आमच्याबरोबर दिला होता. जहाज वाटेत हालव्हर बेटाजवळून जाणार होतं, तिथं हेलिकॉप्टरनं उतरून एका दिवसात हिमनदीची कड मोजायची आणि संध्याकाळी परत यायचं, एवढंच काम होतं. संध्याकाळी धुकं आलं, हेलिकॉप्टर आलं नाही, आणि आम्ही रात्र कुणा परक्या मोहिमेनं कधीकाळी बांधून ठेवलेल्या निवाऱ्यात काढली. तो निवारा म्हणजे तारांनी खडकाला बांधलेली केशरी रंगाची पेटी. आत दोन बाकडी, एक शेगडी, आणि तिसऱ्यानं आडवं व्हायचं तर पहिल्या दोघांनी पाय पोटाशी घ्यायचे.

हालव्हर बेटावर माणूस राहत नाही आणि कधी राहणारही नाही. जमिनीतून वर आलेला एक ज्वालामुखी, त्याच्यावर बर्फाचं जाड पांघरूण, आणि ते पांघरूण चहूबाजूंनी समुद्रात लोंबतंय, की झालं बेट. त्या लोंबत्या कडा दिवसातून कितीदातरी तुटतात आणि तोफ उडाल्यासारखा आवाज होतो. झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही. उत्तरेला काळ्या गोट्यांचा एक किनारा आहे, तेवढाच काय तो पाय ठेवण्यासारखा. आमची पेटी तिथंच होती. किनाऱ्यावर हत्तीसील लोळत असायचे आणि त्यांचा वास नाकातून निघता निघत नसे. सगळ्यात जवळचं माणसाचं घर म्हणाल तर एक महासागर ओलांडून.

पण मोघेसरांना विचारावं तर या बेटासारखं बेट नाही. तीस वर्षं ते त्याच्यावर लिहीत होते. जुने नकाशे, शिकारी जहाजांच्या नोंदी, कुणाकुणाच्या आठवणी, सगळं त्यांनी गोळा केलं होतं. आदल्या दिवशी हेलिकॉप्टरमधून उतरल्यावर त्यांनी वाकून गोट्यांना हात लावला होता आणि तो कपाळाला. रणजित म्हणाला, "सर, देवळात आलाय व्हय?" सर म्हणाले, "त्याहून जास्त."

"या बेटाची गंमत काय आहे माहितीये?" आदल्या संध्याकाळी चहाचा मग हातात धरून ते सांगत होते. "हे दोनदा सापडलेलं आहे. पहिल्या कप्तानानं धुक्यात पाहिलं आणि नकाशावर भलत्याच ठिकाणी मांडलं. मागून येणारी जहाजं तिथं जाऊन बघतात तर नुसतं पाणी. शेवटी वैतागून नकाशावरून खोडून टाकलं. साठ वर्षं हे बेट नव्हतंच! मग हालव्हर नावाचा एक शिकारी वाट चुकला आणि याच्यावर आदळता आदळता राहिला."

"म्हणजे चुकणाऱ्यांनाच सापडतंय म्हणा की," रणजित म्हणाला.

"मग आले सील मारणारे. त्या तिकडे गंजलेल्या कढया पडल्यात ना, त्यात चरबी उकळायचे. एका वर्षी एक टोळी इथं सोडून जहाज निघून गेलं, उन्हाळा संपायच्या आत येतो म्हणून. आलंच नाही. बुडालं असणार. दोन वर्षांनी दुसरं जहाज आलं तेव्हा किनाऱ्यावरची खोपटी लाटांनी नेलेली, आणि माणसं नाहीत. हाडंसुद्धा नाहीत. सगळे म्हणतात, समुद्रानं नेली."

"आणि तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. मोघेसरांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत होतं. पण त्यांना ते सांगताना बघण्यात मजा असायची.

"मी म्हणतो, ती माणसं शहाणी होती. हिवाळ्यात इथं लाटा येतात हे त्यांना कळत होतं. दक्षिणेला हिमनदीच्या पायथ्याशी लाव्हाची गुहा असली पाहिजे. जमीन तिथं अजून कोमट आहे. ती तिथं राहिली." मग त्यांचा आवाज जरा बदलला. "परदेशात एका सभेत मी हे मांडलं, तेव्हा एक विद्वान उठून म्हणाले, या गृहस्थांनी बेट कधी पाहिलंय का? सगळे हसले. मीही हसलो."

असे आमचे सर. त्यामुळे जहाज गेलं त्या सकाळी रणजितनं त्यांची यथेच्छ टिंगल केली तरी रागावणं कुणालाच जमलं नाही. "सर, लग्नात पण पहिल्यांदा नको म्हणालेला काय?" त्यानं विचारलं. सर इतके ओशाळले होते की कानापर्यंत लाल झाले. "भिडस्तपणा नडला रे," ते परत परत म्हणत होते. "वैजयंती, तुला काय वाटत असेल!" मी म्हटलं, जाऊ द्या सर, माझ्या तोंडूनही तेच आलं असतं. आणि खरंच आलं असतं.

तेवढ्यात हवा उघडली. धुकं असं विरलं की बेटाचा माथा दिसायला लागला, वर वाफेचा एक बारीक पट्टासुद्धा.

"आता अडकलोच आहोत," सर म्हणाले, "तर दक्षिणेला जाऊन येऊ या का? रणजित?"

रणजितनं आभाळाकडे बघितलं, दोर खांद्यावर घेतला. मी मागे राहिले. माझ्या पोटात सकाळपासून कसंतरीच होत होतं. बेंबीभोवती दुखत होतं, आणि मला वाटलं, जहाजावरच्या त्या थंड बिस्किटांचा प्रताप असणार. मी किनाऱ्यावर यंत्र लावून थोडी मोजणी केली, मग पेटीत येऊन आडवी झाले.

ते दोघं परत आले तेव्हा वारा सुटलेला होता. सर दारातून आत आले, आणि त्यांचा तो चेहरा मला आजही दिसतो. भुवयांवर बर्फ, नाक लाल, आणि डोळे लहान मुलासारखे.

"आहे," ते म्हणाले. "वैजयंती, आहे."

"मी वरच दोर धरून बसलेलो," रणजित बूट काढत म्हणाला. "सर खाली उतरले नि आत शिरले. मी हाका मारून दमलो तरी बाहेर यायचं नाव न्हाई. म्हटलं, आता ह्यांना ओढूनच काढावं लागतंय."

"काय होतं आत?" मी विचारलं.

"असं घाईत नाही सांगायचं ते," सर म्हणाले. "उद्या सांगतो. शांतपणे, पहिल्यापासून." आणि ते एकटेच हसले.

उद्या काही शांतपणा मिळाला नाही. वाऱ्यानं पेटी धरली. म्हणजे अक्षरशः धरली आणि हलवायला लागला. तारा ताणून शीळ घालत होत्या, छतावर गोटे येऊन आपटत होते, आणि बोलायचं तर ओरडून बोलावं लागत होतं. दार उघडलं की आत बर्फाचा भुगा भरायचा, म्हणून दार उघडायचं नाही असं ठरलं. पण माणसाला बाहेर जावं लागतंच. रणजितनं दारापासून जवळच्या खडकापर्यंत दोर बांधून दिला, कमरेला आकडा लावायचा आणि दोराला धरून सरपटत जायचं. दोन पुरुषांसमोर कमरेला आकडा लावून 'जाऊन येते' म्हणायची मला इतकी लाज वाटायची की मी पाणीच प्यायचं सोडलं. नंतर एका डॉक्टरनं मला यावरून फार बोलून घेतलं.

तिघांच्या श्वासानं भिंतींवर पाणी साचायचं, ते गोठायचं, शेगडी लावली की वितळून मानेवर ठिबकायचं. एकानं कूस बदलली की तिघांनी बदलायची. पहिल्या दिवशी आम्ही गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी रणजितच्या घोरण्यावरून माझं आणि त्याचं भांडण झालं. त्यानंतर कुणी फारसं बोलेना. त्या पेटीत मला कळलं की अडकणं म्हणजे थंडी नाही, भूक नाही. शेजारच्याच्या नाकाचा आवाज चुकवायला जगात कुठंही जागा नसणं, हे अडकणं.

आणि माझं पोट. दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली उतरलं आणि तिथं ठाण मांडून बसलं. मी उलटी केली ती खडकाच्या आड जाऊन, कुणाला कळू न देता. सांगायला हवं होतं हे आता कुणीही सांगेल. पण सांगितलं असतं तर सरांच्या जिवाला काय वाटलं असतं? बिचारे आधीच त्या एका 'छे छे'पायी मेल्याहून मेले झाले होते. संध्याकाळी वायरलेसवर कॅप्टन विचारायचा, सगळे ठीक? सर माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायची, आणि सर सांगायचे, सगळे ठीक.

रणजितला शेवटी संशय आला. मी दाल-भाताचं पाकीट तसंच त्याच्याकडे सरकवलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, इकडं बघा. तुम्ही खात न्हाई, पीत न्हाई, आणि मघापासून गुडघं पोटाशी धरून बसलाय. काय दुखतंय?"

"काही नाही रे. थोडं पोट."

"थोडं म्हणजे कुठं?"

मी दाखवलं. त्यानं तिथं दोन बोटं हलकेच दाबून एकदम सोडली, आणि मी अशी किंचाळले की छतावरच्या वाऱ्यालाही ऐकू गेलं असेल. त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला. मग तो सरांकडे वळला. त्याच्या तोंडावर टिंगलीचा मागमूस नव्हता.

"ॲपेंडिक्स हाय, सर. आमच्या एका पोराचं डोंगरात असंच झालेलं. खाली आणेपर्यंत फुटलं."

"मग?" सरांनी विचारलं.

"मग काय. गेला."

औषधांच्या पेटीत होत्या त्या गोळ्या त्यांनी मला दिल्या. माझं अंग तापलं होतं. मला मरायचं नव्हतं. हे वाक्य लिहिताना सोपं वाटतं, पण तेव्हा त्याच्याखेरीज माझ्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. या काळ्या गोट्यांवर, हत्तीसीलांच्या वासात, घरातलं एकही माणूस जवळ नसताना मला मरायचं नव्हतं. मी सरांचा हात धरून तसं म्हटलं. सरांनी हात सोडवून घेतला नाही, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

सकाळी वारा जरा पडला. पडला म्हणजे छत उडायचं थांबलं, एवढंच. सरांनी वायरलेस लावला. बराच वेळ खरखर झाली आणि मग लुंडेचा आवाज आला.

"कॅप्टन, आमच्याकडे आजारी माणूस आहे," सर म्हणाले. "ॲपेंडिक्स आहे असं वाटतंय. तुम्ही आत्ता हेलिकॉप्टर पाठवायला हवं."

पलीकडून कॅप्टन बोलला तो चिडूनच.

"प्रोफेसर, मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मजेत आहोत. काल म्हणालात, सगळे ठीक. आज म्हणता, माणूस मरतंय. मी बर्फाच्या कडेशी आहे. या वाऱ्यात पायलट बाजवाला पाठवायचं म्हणजे तो परत येईलच असं नाही. त्याला दोन मुली आहेत. तुम्हाला त्या पेटीचा कंटाळा आलाय की खरंच कुणी मरतंय, हे मी कशावरून ओळखू? तुमच्या शब्दावर मी आता कसा जाऊ?"

मला वाटलं, आता सर आपल्या स्वभावाप्रमाणे माफी मागतील, आमच्याकडची रीत समजावून सांगतील. रणजितलाही तसंच वाटलं असावं, कारण तो पुटपुटला, "सांगा त्याला, भिडंनं बोललो म्हणून."

सरांनी बटण दाबलं.

"कॅप्टन, त्या दिवशी मी भिडेपोटी नको म्हणालो, असं नाही," ते सावकाश म्हणाले. एकेक शब्द सुटा. "मी तुमच्या लोकांबरोबर आधी तीनदा प्रवास केलाय. तुम्ही एकदाच विचारता, हे मला माहीत आहे. नको म्हटलं की तुम्ही जाल, हेही माहीत होतं. तुम्ही जावं म्हणूनच मी नको म्हणालो. मला आणखी एक दिवस हवा होता. दक्षिणेची एक गुहा बघायची होती. या दोघांना परत यायचं होतं. मी त्यांना विचारलं नाही. त्यांच्याशी खोटं बोललो, तुमच्याशीही. हे तुम्ही जहाजाच्या नोंदीत लिहा, माझ्या नावानिशी. आता जे सांगतोय ते खरं आहे. हिचं पोट फळीसारखं घट्ट झालंय. ताप आहे. ही मुलगी मरेल."

रणजितच्या हातात माझ्यासाठी पाण्याचा मग होता. तो तसाच धरून तो उभा राहिला. त्या लहरींवर आसपासची सगळी जहाजं, सगळे तळ कान देऊन असतात हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. सरांना ओळखणारी जी काही माणसं त्या महासागरात होती, ती सगळी ऐकत असणार.

तापानं माझं डोकं भणभणत होतं, तरी मला एक गोष्ट लख्ख आठवली. जहाजावर पहिल्याच आठवड्यात जेवणघरात आचाऱ्यानं मला आणखी मासा हवा का विचारलं होतं आणि मी संकोचानं नको म्हटलं होतं. तो पुढे निघून गेला. तेव्हा सरच हसून मला म्हणाले होते, "अगं, यांच्यात एकदाच विचारतात. हवं असेल तर लगेच हो म्हणायचं."

"समजलं," लुंडेचा आवाज आला. "बाजवा निघतोय. डॉक्टरला घेऊन येईल. तिला किनाऱ्यावर आणून ठेवा."

मला बाकड्याच्या फळीवर बांधून त्या दोघांनी बाहेर काढलं. फळी उचलताना रणजित सरांना नुसतं "धरा" म्हणाला, आणि ठेवताना "सोडा". मी आभाळाकडे तोंड करून पडले होते आणि वारा काळी वाळू तोंडावर मारत होता, तर सर माझ्या तोंडावर वाकून, स्वतःची पाठ वाऱ्याकडे करून, गुडघ्यांवर बसून राहिले. मला ते तिथं नको होते. पण ते हटले तर वाळू लागली असती.

हेलिकॉप्टर दोनदा खाली आलं आणि दोनदा वाऱ्यानं उलटं ढकललं. तिसऱ्यांदा बाजवानं ते कसं टेकवलं ते त्याचं त्याला ठाऊक. डॉक्टर आत होता, त्यामुळे माझ्याखेरीज आणखी कुणाला जागा नव्हती. रणजितनं माझ्या गालाला हात लावला. "ताई, घाबरू नका," तो म्हणाला, आणि स्वतःच घळाघळा रडायला लागला. दार बंद झालं. खाली ती केशरी पेटी, त्या कढया, आणि एकमेकांपासून लांब उभी राहिलेली दोन माणसं मला दिसली, आणि मग ढग आले.

जहाजावर डॉक्टरनं मला कापलं. फुटायच्या बेतात होतं, तो म्हणाला. त्या दोघांना आणायला बर्फ आणखी आठवडाभर वाट देईना. त्या आठवड्यात त्या पेटीत ते दोघं काय बोलले, कसे राहिले, हे मी रणजितला खूप वर्षांनी विचारलं. "स्वयंपाक मी करायचो, भांडी सर घासायचे," तो म्हणाला. "तेवढंच." गुहेत काय होतं, हे त्यानं त्यांना विचारलं नाही. सरांनीही आपण होऊन सांगितलं नाही. नंतरही त्यांनी कधी त्यावर ओळ लिहिली नाही, आणि त्या सभेतले विद्वान अजूनही बरोबर समजले जातात.

जहाजावर आले त्याच दिवशी सर मला बघायला आले. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. दारातच उभे राहिले.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

"रागावली आहेस?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. आपल्याकडे अशा 'हो'च्या मागून काहीतरी येतं, 'पण जाऊ द्या आता' असं काहीतरी. माझ्याकडे तसलं काही नव्हतं. ते आत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"तुला एक खरं सांगतो," ते म्हणाले. "तू आजारी पडली नसतीस, तर मला वाईटसुद्धा वाटलं नसतं. आयुष्यभर मजेनं सांगितलं असतं, नको म्हणालो आणि कसे अडकलो ते. लोक हसले असते."

"रणजितनं पण सांगितलं असतं," मी म्हटलं.

"हो. त्यानं तर माझ्यापेक्षा रंगवून."

बोलताना टाके ओढत होते. तरी मला एक विचारायचंच होतं. मोहिमेला निघण्याआधी सर संगमनेरला आमच्या घरी येऊन गेले होते. आई मला पाठवायला तयार नव्हती, आणि सर म्हणाले होते, वहिनी, मी आहे ना बरोबर. त्या एका वाक्यावर तिनं माझी बॅग भरली होती.

"मी मेले असते तर आईला काय सांगितलं असतं तुम्ही?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि घातला नाही.

"भिडेपोटी नाही म्हणालो, असं सांगितलं असतं," ते म्हणाले. "आमच्या स्वभावानं घात केला, असं. खरं कुणालाच माहीत नव्हतं."

"आणि आई काय म्हणाली असती?"

"तुझ्या आईनं माझीच समजूत काढली असती, वैजयंती. माझ्यासाठी चहा केला असता."

मी माझ्या आईला ओळखते. तिनं केला असता, आणि तो प्यायल्याशिवाय त्यांना उठू दिलं नसतं.